धाकटीचं तेल

“अगं, छाती चोळतेयस का फरशी?”

बाबा खेकसले, तसा ताईचा हात जागच्या जागी थांबला. फरशी म्हणाले ते अगदीच चूक नव्हतं. एका प्रसूतिगृहात फरशा, जिने आणि खाटांचे पाय पुसण्यात तिची उमर गेली होती. त्या कामानं मनगटात आलेला जोर घरी आल्यावर खुंटीला टांगून ठेवता येत नव्हता. पण म्हणून असं तोंडावर बोलायचं?

“चिमीचा हात कसा लागायचा,” बाबा डोळे मिटूनच म्हणाले. “कापूस नुसता.”

झालं. आला चिमीचा हात.

चिमी म्हणजे धाकटी. लग्न करून लांबच्या शहरात गेलेली, फोनवर गोड बोलणारी, वर्षा-दोन वर्षांनी उगवणारी. बाबांचा खोकला हटत नाही हे कळल्यावर ती गेल्या महिन्यात आठवडाभर येऊन राहिली, आणि येताना निलगिरी तेलाची बाटली घेऊन आली. संध्याकाळी साधं तेल कोमट करायचं, त्यात निलगिरीचे थोडे थेंब टाकायचे आणि बाबांच्या छातीला, पाठीला लावायचं. एखादा थेंब रुमालाच्या कोपऱ्यावर, तो रुमाल उशाशी. सकाळी डोक्यावरून टॉवेल घेऊन वाफारा. एवढंच. आठवड्यात खोकला निम्म्यावर आला. आता डॉक्टरांच्या गोळ्या ताई त्याच्या कितीतरी आधीपासून वेळच्या वेळी देत होती, त्यांचाही काही वाटा असेल की नाही? पण गोळीला वास नसतो. श्रेय वासाला मिळालं.

“धाकटीनं बापाला उठवून बसवलं हो!” समोरच्या काकू जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटल्या. ताई कामावर गेली की याच काकू बाबांजवळ बसायच्या, त्यामुळे त्यांना तोडूनही बोलता येईना. ताई तोंडभर हसली आणि घरात येऊन तिनं भांडी आदळली.

हे पोटातलं दुखणं जुनं होतं. आई गेली तेव्हा चूल सांभाळली ताईनं. बाबांच्या डोळ्यांत उजेड-अंधारापलीकडे काही उरलं नाही, तेव्हा त्यांचा हात धरला ताईनं. स्वतःचं लग्न आज बघू, उद्या बघू करता करता राहून गेलं, तेही ताईचंच. फार काय, ताई हे नावदेखील तिला चिमीमुळे चिकटलेलं. सख्खा बापसुद्धा तिला ताईच म्हणायचा. खरं नाव कामावर हजेरी घेताना तेवढं ऐकू यायचं. मत्सर वाटतो याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटून मत्सर थोडाच कमी होतो? उलट लाज वाटायला लावली म्हणून चिमीचा आणखी राग यायचा.

त्यात चिमीचा फोन.

“ताई, तेल लावतेस ना गं रोज? आणि वाफाऱ्यात थेंब मोजून टाक हं. जास्त नको.”

“कळतं मला. कुक्कुलं बाळ आहे का मी?”

“तसं नाही गं...”

“ठेवते. दूध उतू जातंय.”

दूध फ्रीजमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं पातेल्यात पाणी उकळलं, बाटली उघडली आणि थेंब न मोजता चांगली धार सोडली. चिमीचे थेंब तर आपली धार. गुण यायचा तर दणकून येऊ दे, म्हणजे एकदाची तोंडं बंद होतील सगळ्यांची. टॉवेलाखाली बाबांनी एक श्वास घेतला मात्र! डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, खोकून खोकून चेहरा लालबुंद झाला. टॉवेल भिरकावून देत ते ओरडले, “मारायला उठलीस का मला?”

ताई घाबरली. तिनं पातेलं बाजूला केलं, खिडकी उघडली, पाठीवरून हात फिरवला. तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते सगळंच काही वाफेचं नव्हतं. ती माफी मागणार, एवढ्यात बाबा धापा टाकत म्हणाले, “चिमी असती तर...”

पुढचं तिनं ऐकलंच नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या दिवशी तिला सुट्टी होती आणि फरशी पुसायची होती. फिनेलच्या बाटलीकडे गेलेला हात तिनं मागे घेतला. कपाटातली निलगिरीची बाटली काढली, बादलीवर नेली आणि सरळ उलटी केली. घरात आजारी माणूस आहे, जंतू मरायला नकोत का? निलगिरीनं फरशीवरचे जंतू मरतात असं प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर एकदा म्हणाल्याच होत्या. तेल पाण्यावर तरंगायला लागलं तशी तिनं साबणाची पूड टाकून पाणी खळाखळा ढवळलं. मग कामावर पुसते तशी, मागे सरकत सरकत, तिनं सगळं घर पुसून काढलं. खाटेखाली, कपाटाच्या मागे, उंबऱ्यावर. धाकटीचं कौतुक असं पायाखाली पसरताना तिला जे बरं वाटलं, तसं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

फडकं पिळून ती कंबर सरळ करते न करते, तोच खाटेवरून आवाज आला.

“चिमे? कधी आलीस गं?”

बाबा उठून बसले होते. चेहरा दाराकडे, आणि त्या चेहऱ्यावर हसू.

“चिमी नाही बाबा. मी आहे.”

“मग वास कसा येतोय?”

“फरशी पुसली मी. त्या तेलानं.”

“काहीतरीच! तेलानं कोण फरशी पुसतं?” बाबा हसले. “लपवू नकोस तिला. माझी गंमत करताय दोघी.”

ताईनं सगळ्या खिडक्या उघडल्या. पुन्हा साध्या पाण्यानं पुसलं, वर फिनेल फिरवलं. वास काही हलेना. दुपारी काकू आल्या त्याच मुळी नाक वर करून. “धाकटी आली वाटतं? जिन्यापर्यंत घमघमाट आहे!”

आपल्याच हातानं तिला घरात आणली आपण, ताईला वाटलं. आठवड्यासाठी आली होती ती आता कोपऱ्याकोपऱ्यांत मुक्कामाला आली.

बाबांनी त्या दिवशी धुतलेला सदरा मागून घेतला, केसांवरून कंगवा फिरवून घेतला आणि दाराकडे तोंड करून बसून राहिले. दिवसातून कितीदा तरी ते चिमीला हाक मारत, कितीदा तरी ताई म्हणे, “मी आहे बाबा,” आणि दर वेळी त्यांचं हसू मावळताना तिला बघावं लागे. फोन करून चिमीला बोलावणं हा सरळ उपाय होता. तो ताईला कळत होता. तिनं फोन केला नाही. मग ताप चढला, बाबांचं बोलणं भरकटायला लागलं, डॉक्टर येऊन “आता फार आशा धरू नका” असं हलक्या आवाजात सांगून गेले. तेव्हा कुठं तिनं फोन लावला. चिमी रडली, म्हणाली, मिळेल त्या गाडीनं निघते.

त्याच संध्याकाळी ताई खाटेशी बसली. बाटली रिकामी होती, म्हणून नुसतंच साधं तेल कोमट करून घेतलं होतं. बाबांच्या छातीवर तिनं हात ठेवला.

“चिमे... आलीस?”

मी आहे बाबा, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. पण ते हसू अजून तिथंच होतं. इतकं हसून आपल्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. उसनं तर उसनं.

“हो बाबा,” ती आवाज बारीक करून म्हणाली. “आले.”

हात तिनं अगदी हलका ठेवला, नुसती बोटं फिरवली. बाबांनी सुस्कारा सोडला. “ताई कुठाय?”

“कामावर.”

मग तिला राहवेना. “ताई बघते ना हो तुमचं नीट?” तिनं विचारलं.

“बघते की. पण हात खडबडीत. आणि चिडकी.” बाबा दम घ्यायला थांबले. “तुझं नाव काढलं की तिचा हात थांबतो. मला कळतं ते.”

“मग कशाला काढता?”

“तुझ्याविषयीच तर बोलता येतं तिच्याशी. तिच्याविषयी काय बोलू? ती आहेच.” त्यांचा हात चाचपडत तिच्या मनगटाशी आला. “हे बघ. ती आली ना, की आधी तिला वाढ. माझं राहू दे. दिवसभर वाकलेली असते बिचारी, भुकेली असेल.”

जन्मभर या एका वाक्यासाठी ताई ताटकळली होती, आणि आलं तेही चिमीच्या पत्त्यावर.

“तिला सांगू, तुम्ही असं म्हणालात म्हणून?”

“नको नको. रडेल. मग मलाच ओरडेल.”

ती उठली. दार उघडून धाडकन लावलं, रोज काढते तशा चपला जमिनीवर टाकल्या आणि स्वयंपाकघरातून ताट घेऊन, भाताचं भांडंही उचलून, खाटेजवळ येऊन बसली.

“आली का?” बाबांनी हळूच विचारलं.

“आली.”

“वाढलंस तिला?”

“वाढलं. जेवतेय.”

बाबांनी मान किंचित त्या बाजूला वळवली आणि ऐकत राहिले. घास खाली उतरत नव्हता, तरी ती जेवत राहिली. ताट संपलं तशी तिनं पुन्हा भात वाढून घेतला, आणि त्यांना ऐकू जावा म्हणून डाव भांड्यावर जरा जोरातच आपटला.