मी मागचा गिअर, वाकून मेलो

मी सायकलचा मागचा गिअर बोलतोय, आणि गोड बोलणार नाही. चाकाच्या आसाजवळ लटकणारा तो सांगाडा मीच. साखळीला एका दातेरी चकतीवरून दुसरीवर ढकलायचं, हे माझं काम.

दर्यापूरजवळच्या रागिणीनं मला दोन वर्षं राबवलं, पण जपलंही. जुन्या ब्रशनं ती माझे दात घासायची. अमरावतीला जिल्ह्याच्या सायकलिंग संघाची निवड होती. त्या वयोगटात बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष.

निवडीच्या चार दिवस आधी आम्ही पडलो. तिच्याच बाबांनी, महादेवरावांनी, डांबरी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं. निम्मा रस्ता शेंगांखाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कडेनं जावं, आणि चाकाखाली शेंगा फुटल्या तर मळणी फुकटात. चाक घसरलं, सायकल उजव्या अंगावर आली, आणि उजव्या अंगाला मी असतो.

सगळे तिच्या गुडघ्याकडे धावले. मग कुणीतरी हँडल सरळ केलं. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून साखळी आपोआप उड्या मारू लागली. सर्वांत मोठ्या चकतीवर गेलो की माझं अंग चाकाच्या तारांना घासायचं. खर्र, खर्र. याहून स्पष्ट मी काय बोलणार होतो?

रागिणीला ऐकू आलं. ती मागे उकिडवी बसली, एक डोळा मिटून पाहिलं, आणि तिला कळलं. मी ज्या पट्टीला लटकतो ती आत वाकली होती. अकोल्याला नवी मिळते, उद्या जाऊन येऊ, असं ती बाबांना म्हणाली.

महादेवरावांनी मान वर केली नाही. "एवढ्याशा पडण्यानं लोखंड वाकते का? मनोजले दाखव." वाकलं म्हटलं असतं तर कशामुळे, तेही सांगावं लागलं असतं. रस्ता अजून तसाच झाकलेला होता.

मनोजचं सायकल दुरुस्तीचं दुकान. त्यानं सायकल पाहण्याआधीच स्क्रू फिरवायचा पेचकस उचलला.

"मनोजभाऊ, मांगून पाहा ना. वरची चकती सरळ हाय, अन् हे खालची चाकं आत झुकून रायली."

"ताई, तू पैदा नोती झाली तवापासून हेच करून रायलो मी. वायर ढिली हाय. मले शिकवतं काय?"

बाबा बाजूलाच उभे होते. हसले. मनोजनं स्क्रू फिरवला, तार ताणली, सायकल उलटी करून पायडल मारलं. वजन नसताना मी चाललो. चाललो, हाच माझा गुन्हा.

रविवारी, निवडीच्या शर्यतीत, पोहऱ्याच्या रस्त्यावरच्या चढावर, ती तिसरी होती. पहिल्या पाच जणी घेणार होते. तिनं मोठी चकती घेतली, उभी राहून जोर लावला, आणि मी तारांमध्ये शिरलो. पाच तारा तुटल्या. मी पिळवटून तुटलो. तिच्या बाजूनं एकेक करून सगळ्या पोरी निघून गेल्या.

कडेला उभे असलेले महादेवराव म्हणाले, नशीब. ज्याला मागून पाहायचं नसतं, त्याला हा शब्द फार सोयीचा.

आता मी मनोजच्या डब्यात आहे. माझी दोन्ही छोटी चाकं काढून त्यानं दुसऱ्या कुणाच्या सायकलला लावली. काल एक पडलेली सायकल आली, आणि त्यानं पुन्हा आधी पेचकसच उचलला. पडलेल्या सायकलचा स्क्रू फिरवण्याआधी मागे बसून एकदा नीट पाहा, एवढंच माझं मागणं आहे. ते ऐकलं जाईल असं मला वाटत नाही.

रागिणी रोज या दुकानावरून पायी जाते. आत पाहत नाही. मीही हाक मारत नाही.