कुणालाच आवडणार नाही असा लॅपटॉप

काकूंच्या घरात काकूंचं असं काहीच नव्हतं. कात्री त्यांनीच आणलेली होती, पण ती सासूबाईंच्या पिशवीतून मागून घ्यावी लागायची. छत्री लेकीच्या कॉलेजात मुक्कामाला असायची. स्वतःसाठी म्हणून हौसेने आणलेल्या मऊ टॉवेलने पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने अंग पुसलं आणि वर ‘छान आहे, असाच अजून एक आण’ असं कौतुकही केलं. काकू कुणाला काही बोलल्या नाहीत. न बोलणं हा त्यांचा स्वभाव होता आणि घरच्यांची सोय होती.

लॅपटॉपचंही तेच. दिवसभर काकू दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलाशी बसून गाल धरून आलेल्या माणसांना वेळा द्यायच्या. पण सुट्टीच्या दिवशी त्या डीजे असायच्या. एकदा भाचीच्या वाढदिवसाला ठरवलेला डीजे उगवलाच नाही, तेव्हा काकूंनी सहज गाणी लावली आणि ज्यांचे गुडघे वर्षभर दुखतात तेही खुर्च्या सोडून उठले. दवाखान्यात नुसत्या चेहऱ्यावरून कुणाचा दात किती ठणकतोय ते त्यांना कळायचं. तसंच इथे कुणाचे पाय कशावर शिवशिवताहेत ते कळायला लागलं. मग कामं येत गेली, ‘डीजे काकू’ हे नाव पडलं. कंट्रोलर, म्हणजे दोन चकत्या आणि ढीगभर बटणं असलेलं ते यंत्र, त्यांनी स्वतःचं घेतलं. लॅपटॉप मात्र घरातलाच. त्यावर नवरा बुद्धिबळ खेळायचा, लेक सिनेमे बघायची आणि सासूबाई आपल्या बहिणीशी समोरासमोर बसल्यासारख्या तासन्‌तास बोलायच्या.

सासूबाई गोळी घ्यायला विसरायच्या. विसरायच्या म्हणजे ठरवून विसरायच्या. सुनेने आठवण केली की ‘घेते गं’ म्हणत वर्तमानपत्रात डोकं खुपसायच्या. मुलाने, म्हणजे काकूंच्या नवऱ्याने, नुसतं ‘आई’ म्हटलं की पाण्याचा पेला हातात. मुलगा कामावरून उशिरा यायचा, म्हणून त्याने लॅपटॉपमध्ये आपल्या आवाजात सूचना भरून ठेवली. ती रोज साडेआठला वाजायची. घरात सगळ्यांना ती घड्याळाच्या ठोक्याइतकी सवयीची झाली होती, त्यामुळे ती लॅपटॉपबरोबर बाहेरही जाते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

व्हायचं ते एका लग्नाच्या पार्टीत झालं. दिवे मंद केलेले, नवरा-नवरी मध्यभागी, गाणं असं हळुवार की बाकीच्यांनी श्वासही जपून घ्यावा. आणि हॉलच्या सगळ्या स्पीकरांमधून काकूंच्या नवऱ्याचा खणखणीत आवाज आला, “आई, पोट साफ व्हायची गोळी घेतलीस का? कोमट पाण्याबरोबर घे.”

काकूंना वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. त्या बटण शोधेपर्यंत सूचना दुसऱ्यांदाही वाजली, कारण मुलगा आपल्या आईला ओळखून होता.

हॉलच्या मॅनेजरने त्यांना बोलावून घेतलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे बोलला. पुढच्या महिन्यात त्याच्याच मुलीच्या लग्नाची पार्टी होती आणि काम काकूंना आधीच कबूल केलेलं होतं. ते तो मोडणार नव्हता. पण त्या दिवशी गाण्यांखेरीज एक शब्द जरी वाजला, तर या हॉलचं दार त्यांना बंद. काकूंची बहुतेक कामं याच हॉलची होती. आणि खरं सांगायचं तर त्यांना कामाची एवढी फिकीर नव्हती. त्या कंट्रोलरमागे उभ्या राहिल्या की चारशे माणसं त्यांच्या बोटाच्या इशाऱ्यावर हलायची, आणि घरी त्यांच्या सांगण्यावरून पंखादेखील कुणी बंद करत नव्हतं. ते एवढंसं उभं राहणं गेलं असतं तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?

नवा लॅपटॉप घ्यायचा, फक्त डीजेच्या कामाचा, हे घरात एकमताने ठरलं. तो घ्यायला घर एकमतानेच बरोबर निघालं.

दुकानदाराने कशासाठी हवा ते विचारलं. काकूंनी सांगितलं: गाणं मध्ये अडखळता कामा नये, तापून बंद पडता कामा नये, कंट्रोलर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही लावायला जागा हवी. दुकानदाराने मान डोलावून तीन-चार मॉडेल पुढे ठेवली. मग नवऱ्याने सगळ्यात मोठा स्क्रीन कोणता ते विचारलं. घोडा आणि उंट हल्ली त्याला सारखेच दिसायचे. लेकीने रंग बघितले. सासूबाई एकेका लॅपटॉपच्या कॅमेऱ्यापुढे बसल्या आणि कोणत्यात आपण कमी थकलेल्या दिसतो याचा निवाडा करू लागल्या. शेवटी तिघांनी मिळून एक रुंद, चांदीसारखा चकचकीत लॅपटॉप पसंत केला. दुकानदाराने विचारलं, “वापरणार कोण?”

“हीच,” तिघंही म्हणाली.

काकूंनी घरी जाऊन विचार करते म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर त्या एकट्याच दुकानात गेल्या आणि म्हणाल्या, “मला असा लॅपटॉप दाखवा, जो घरात कुणालाच आवडणार नाही.”

दुकानदाराच्या इतक्या वर्षांच्या धंद्यात अशी मागणी पहिलीच. आधी तो हसला. मग आदल्या दिवशीची वरात आठवून गंभीर झाला, आत गेला आणि एक काळा, जाडजूड डबा घेऊन आला. आतून यंत्र भक्कम होतं: मेमरी भरपूर, डिस्क वेगवान, पंखा दमदार. पण कॅमेरा गेलेला. स्वतःचे स्पीकर गेलेले. स्क्रीन लहान आणि मळकट. की-बोर्डवरची अक्षरं कुठल्याशा भलत्याच देशाची. कुणीतरी परदेशातून आणून दोन दिवसांत परत टाकलेला. गाण्यांचा आवाज कंट्रोलरमधून जायचा, त्यामुळे लॅपटॉप मुका असला तरी त्यांचं काही अडणार नव्हतं. त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. इतका कुरूप लॅपटॉप त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो त्यांना बघताक्षणी आवडला.

घरी त्या डब्याची रीतसर पाहणी झाली. लेकीने एकदा बघून “शी” म्हटलं. नवऱ्याने बुद्धिबळाचा पट उघडला, दोन खेळ्यांत वजीर घालवला आणि उठला. सासूबाईंनी बराच वेळ अंधाऱ्या चौकोनाकडे बघितलं, बहीण काही दिसेना की बोलेना. तेव्हा सुनेला फसवलं गेलंय असा निकाल त्यांनी दिला. काकूंनी खाली मान घालून तो मान्य केला. महिनाभर लॅपटॉप जिथे ठेवला तिथेच सापडत होता. काकू मधूनच येऊन, तो जागेवर आहे ना, हे नुसतं बघून जायच्या. त्या घरात त्यांना हे सुख नवीन होतं.

मॅनेजरच्या मुलीच्या पार्टीचं आमंत्रण सगळ्या घराला होतं. सासूबाई पहिल्या रांगेत बसल्या. मुलगा आइस्क्रीमच्या रांगेत अडकला. काकूंचा हात त्या दिवशी असा काही चालला की वाढपीदेखील तालावर चालायला लागले. साडेआठ वाजले. लॅपटॉपने चकार शब्द काढला नाही. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात समोर एक काठी येऊन थांबली. काठीमागे मॅनेजरचे वडील होते. मागच्या पार्टीलाही ते होते. ती गोळीची सूचना केव्हा होणार, असं त्यांनी विचारलं. त्या दिवशी तिच्यामुळेच त्यांना आपली रक्तदाबाची गोळी आठवली होती. आज ते मुद्दाम खिशात घेऊन बसले होते. काकूंनी दिलगिरी व्यक्त करून त्यांना परत पाठवलं. थोड्या वेळाने मॅनेजर स्वतः आला, कपाळाला घाम.

“काकू, ती सूचना लावा एकदा. बाबा हटून बसलेत. ती ऐकल्याशिवाय गोळी घेणार नाही म्हणतात.”

“ती ह्यात नाही,” काकू म्हणाल्या. “ह्यात माझ्या गाण्यांशिवाय काहीच नाही.”

“मग तुम्ही तोंडाने सांगा.”

काकूंनी माइककडे बघितलं. आजवर त्यांनी गाणी वाजवली होती. माइकवर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण म्हातारबुवा काठीवर हात ठेवून वाटच बघत होते. काकूंनी गाणं हळू केलं, माइक उचलला आणि आपोआप त्यांचा दवाखान्यातला आवाज लागला, ज्याच्यापुढे भलेभले गुपचूप तोंड उघडतात.

“ज्यांची गोळी राहिली असेल त्यांनी आत्ता घ्या. पाणी डावीकडच्या टेबलावर आहे. सगळ्यांची झाल्याशिवाय पुढचं गाणं लागणार नाही.”

हॉल हसला. मग पर्स उघडल्याचे, खिसे चाचपल्याचे आवाज आले. म्हातारबुवांनी सगळ्यांना दिसेल अशी गोळी जिभेवर ठेवली. पहिल्या रांगेत सासूबाईंनी मुलाला शोधायला मान वळवली. मुलगा नव्हता. सून त्यांच्याकडेच बघत होती, माइक हातात तसाच. सासूबाईंनी पिशवी उघडली, गोळी काढली आणि मुकाट्याने घेतली. काकूंनी पुढचं गाणं लावलं, ते जरा जास्तच मोठ्याने लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चहा घेता घेता म्हणाल्या, “ते काल बोललीस ना, ते त्या तुझ्या काळ्या डब्यात भरून ठेव. रोज वाजू दे. तुझा आवाज बरा आहे.”

लग्न झाल्यापासूनचं सासूबाईंचं हे पहिलं कौतुक. काकूंचा हात लॅपटॉपच्या झाकणापर्यंत गेलादेखील. तिथेच तो थांबला. आज सूचना, उद्या बहिणीसाठी कॅमेरा दुरुस्त, परवा बुद्धिबळ. त्यांना सगळा रस्ता लख्ख दिसला.

“ह्यात नाही, आई,” त्या म्हणाल्या. “जुन्यात भरून देते.”

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. सासूबाईंनी सुनेकडे बराच वेळ बघितलं आणि चहा संपवला. काकूंचं दिवसभर दवाखान्यात लक्ष लागलं नाही. एकाच माणसाला त्यांनी दोनदा वेळ दिली.

संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात होत्या. बाहेर लेकीची धुसफूस चालली होती, जुना लॅपटॉप मध्येच अडकून बसला होता म्हणून. मग तिची पावलं काळ्या डब्याच्या कोपऱ्याकडे गेली. हेडफोन लावला की हाही चालतो, एकच सिनेमा बघते, असं ती म्हणत होती. काकूंनी हात धुतले. आता बाहेर जायचं आणि पुन्हा एकदा ‘नाही’ म्हणायचं. एका दिवसात दोनदा म्हणजे त्यांच्यासाठी फारच झालं होतं.

“ठेव तो खाली,” सासूबाईंचा आवाज आला. “तुझ्या आईचा आहे तो.”

काकू ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. ह्या घरात असं वाक्य त्यांनी कधीच ऐकलं नव्हतं. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीला पुसले. मग बाहेर आल्या आणि आलेला धीर निसटायच्या आत म्हणाल्या, “आई, माझी कात्रीपण द्या.”