गंज

जोबेदानं पाणी गाळायच्या बादलीतला लोखंडाचा कीस अंगणात उपसला आणि चिंचेच्या कोळात खसाखसा चोळायला घेतला. सुफियाला बघायला माणसं येणार, आणि बादली गंजून लालभडक! काय म्हणतील लोक? कीस पितळी तांब्यासारखा लख्ख निघाला, तो धुऊन परत बादलीत गेला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

तळ्यावरून आलेली सुफिया दारातच थबकली.

“अम्मा, हे काय करून बसलीस?”

“घासलं! तुला कधी सुचलं असतं?”

“अगं, पाण्यातलं विष त्या गंजालाच तर चिकटून बसतं! तू सगळं सोडवलंस. परत गंज चढेपर्यंत यातला घोट घ्यायचा नाही.”

जोबेदानं अंगणातल्या हापशाकडं पाहिलं. पाणी तपासणाऱ्यांनी तो विषारी म्हणून कधीचा लाल रंगवून ठेवलेला. त्याच्याच पाण्यानं सुफियाचा बाप झिजून झिजून गेला होता. ती काही बोलणार, तोवर पाहुणे दारात.

नवऱ्या मुलाच्या आईनं आधी तळहात पाहिले. हल्ली मेघनाकाठच्या गावांत तीच रीत होती. विषारी पाण्यानं उठणारे काळे दाणे दिसले की मुलगी नापसंत. सुफियाचे हात कोवळे, नितळ.

“माशाल्ला! आणि बादली तरी किती लख्ख! द्या बघू पाणी.”

जोबेदाचा हात ग्लासापाशी अडखळला. खरं सांगावं तर सोयरीक मोडायची. गप्प बसावं तर हिच्या पोटात विष.

“घरी आलेल्या विहिणीला नुसतं पाणी देतात होय?” असं म्हणत तिनं कोयता उचलला आणि शहाळं फोडलं.

पाहुणीनं ते दोन्ही हातांनी घेतलं. मेंदीखाली तिचे तळहात काळ्या दाण्यांनी खरखरीत झालेले.

जोबेदाची नजर तिथंच खिळली. पाहुणीनं हात झाकले नाहीत.

“आमचाही हापसा लालच आहे, विहीणबाई. पोरीबरोबर ही बादली तेवढी द्या, दुसरं काही नको. घासायला चिंच आमच्या दारातच आहे.”

“घासायची नाही हो!” जोबेदा जवळजवळ ओरडलीच. मग आवाज खाली आला. “आज मी चुकले. गंजलेलीच राहू द्या. गंज चढल्यावर मगच पाणी प्या.”

पाहुणीनं तिच्याकडं पाहिलं, मग बादलीकडं. हळूच मान हलवली आणि सुफियाच्या हातावर मिठाई ठेवली.

पाहुणे बाहेर पडल्यावर सुफियानं विचारलं, “बादली माझ्याबरोबर गेली, की तू काय पिशील?”

जोबेदा त्या लाल हापशाखाली हात धूत होती. चिंचेचा वास काही जाईना.

“माझे हात आता कोण बघायला येतंय?”