पासिंगचे टायर

झुलालभाऊंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. जळगावला आरटीओच्या पासिंगच्या मैदानात टॅक्सींची रांग लागलेली, त्यात त्यांची जुनी अम्बॅसेडर सहावी. अकरा वाजून गेले तरी साहेब दुसऱ्याच गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून बसलेले. भाऊ उतरत, चार पावलं जात, परत येऊन बसत, पुन्हा उतरत. ड्रायव्हर असून स्वतःलाच ब्रेक लागेना.

घाईचं कारण साधं होतं. लेक पुष्पा इथेच जळगावात पिंप्राळ्याला दिलेली, पहिलटकरीण. तिला सातव्यातच माहेरी न्यायचं, आणि उद्या आठवा लागत होता. आठव्यात पोरीला हलवत नाहीत, तेव्हा न्यायची तर आजच. त्यात विहीणबाई सुगंधाबाई. डोहाळजेवणाला भाऊ एसटीने गेले तेव्हा त्या भरल्या पंगतीत म्हणाल्या होत्या, मुलीच्या बापाची मोटार आहे असं ऐकून आहोत, बघायचा योग कधी येतो कोण जाणे. ते भाऊंना असं झोंबलं की तिथल्या तिथे सांगून बसले, पोरीला न्यायला मोटारच घेऊन येईन. आणि नेमकी गाडीच्या पासिंगची मुदत संपलेली. पास झाली तर पोर मोटारीतून अमळनेरला. नापास झाली तर इथेच अडकणार आणि विहीणबाईंना जन्मभराचा विषय.

बायको कमलबाई फाटकाजवळ लिंबाखाली करंज्यांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली. तिने दोनदा विचारलं, अजून किती वेळ. दोन्ही वेळा भाऊ तिच्यावर खेकसले. त्या बिचारीचा काय दोष!

अखेर नंबर लागला. साहेबांनी दिवे लावायला सांगितले, लागले. हॉर्न वाजला. मैदानात पळवून ब्रेक मारायला लावला, गाडी जागच्या जागी उभी. मग साहेब मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, दाबा ॲक्सिलेटर. भाऊंनी डोळे मिटून दाबला. आठ दिवस मिस्त्रीच्या दारात बसून इंजिनाचं काम करून घेतलं होतं ते कामी आलं. धूर निघाला, पण बेताचा. साहेबांनी वाकून चाकांवर हात फिरवला.

"टायर नवे दिसतात."

"हो साहेब, आजच टाकले," भाऊ म्हणाले.

यात खोटं काही नव्हतं. पहाटेच टाकले होते. अमळनेरच्या स्टँडवर सात टॅक्सीवाल्यांनी मिळून चार चांगले टायर घेऊन ठेवले होते, खास पासिंगसाठी. ज्याचा नंबर त्याने चढवायचे, काम झालं की उतरवून पुढच्याला द्यायचे. पासिंगच्या फेरीपलीकडे रस्ता असा त्या टायरांनी पाहिलेलाच नाही, मग झिजतील कशाला? सगळे स्टँडवाले याला अडीनडीची सोय म्हणायचे. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, भाऊंनाही नाही.

कागदावर सही झाली. भाऊंच्या अंगात हत्तीचं बळ आलं. गाडी फाटकाबाहेर काढली तर तिथे स्टँडवरचाच टॅक्सीवाला हिलाल जॅक घेऊन तयारच. त्याची गाडीही आजच होती आणि दोन गाड्यांनंतर त्याचा नंबर. भाऊंचे जुने टायर त्याच्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधलेले. भाऊंनी विनवून पाहिलं, आजचा दिवस राहू दे, पोरीला पोचवतो आणि आणून देतो. हिलाल म्हणाला, मग मी काय साहेबांना माझे झिजलेले टायर दाखवू? त्याचंही बरोबर होतं.

ताडपत्री सुटली. टायर एकेक खाली आले. तळहातासारखे गुळगुळीत, आणि एकाच्या कडेला आतले दोरे बाहेर आलेले. कमलबाई कधी जवळ येऊन उभी राहिली ते भाऊंना कळलंच नाही. तिने खाली बसून त्या दोऱ्यांवरून बोट फिरवलं.

"आपली पोरले ह्या चाकस्वर आनशात?"

भाऊ म्हणणार होते, रोज लोकांना घेऊन धुळ्याला जाऊन येतो, काय झालं आजवर? तोंडापर्यंत आलेलं गिळलं. राग आला, तिचा की स्वतःचा ते कळेना. मग हिलालच्या हातात किल्ली देऊन म्हणाले, गाडी इथेच राहू दे. आणि रिक्षाला हात केला.

पिंप्राळ्यात रिक्षा दाराशी थांबली. सुगंधाबाईंनी आधी गल्लीच्या तोंडापर्यंत नजर टाकली.

"गाडी नापास झाली वाटतं?"

हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. भाऊंच्या कानशिलापर्यंत लाज चढली. "पास झाली," ते म्हणाले, "पण टायर पार गेलेत. पोरीला बसवण्यासारखी नाही. दुपारच्या पॅसेंजरने नेतो."

विहीणबाईंनी कमलबाईच्या हातातला डबा घेतला. तो घेऊन त्या आत गेल्या. पुष्पा उंबऱ्याशी पिशवी घेऊन उभी होती. तिला बापाला टोमणा मारायचा नव्हता. पोरीने सहजच विचारलं.

"आबा, मंग लोकेस्ले कसं बसाडतस?"

भाऊंनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि खाली मान घालून चालू लागले.