सतरंजीवरचा तास

अकोल्याचे भगवंतराव अमरावतीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला आले, तेव्हा त्यांच्या वाट्याला जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली खोली आली. कापसाचा हंगाम लागला की यंत्रं घरघरत, खिडकीतून रुई उन्हात तरंगत येई, आणि भगवंतराव चौथऱ्यावरून घसा ताणून मजकूर सांगत. मुलं माना खाली घालून उतरून घेत. कोण जागं, कोण झोपेत, वरून कळत नसे.

दिवाळीच्या सुटीत ते नागपूरला प्राध्यापकांच्या शिक्षणवर्गाला जाऊन आले. तिथलं एकच सांगणं मनात घर करून राहिलं: खाली उतरा, विचारा.

आज प्रिन्सिपॉलसाहेब तास ऐकायला येणार होते. नोकरी कायम होणार की नाही, ते आजच ठरायचं होतं. भगवंतराव धीर करून चौथऱ्यावरून उतरले आणि दर्यापूरच्या शालिकरामशेजारी बाकावर बसले.

शालिकराम ताडकन उभा राहिला. पाठोपाठ सारा वर्ग.

"अरे, बसा ना!"

"कसं बसाव, सर? घरी मोठा माणूस बाजेवर बसला तं आमी उभेच रायतो."

भगवंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात साहेबांचे बूट वाजले. कोपऱ्यात सभेची सतरंजी गुंडाळून पडली होती.

"हिच्यावर बसाल? भजनाला बसतो तसे?"

"हो, सर! भजनात कोन लहान, कोन मोठं?"

बाकं भिंतीला गेली. सगळे खाली बसले, आणि घरघर जणू डोक्यावरून निघून जाऊ लागली. रुई संथपणे उतरत राहिली. पोरांचे केसही हळूहळू पांढरे झाले. भगवंतरावांनी नेहमीपेक्षा हळू विचारलं,

"हे सगळं स्वप्न नाही, कशावरून?"

शालिकरामनं यंत्रांच्या भिंतीकडे पाहिलं.

"सर," शालिकराम म्हणाला, "सपन असतं तं एवढ्या आवाजानं कवाचीच जाग आली असती."

"तुह्या जागं व्हाचा काय भरवसा?" मागून कोणीतरी म्हणालं. "तू तं सरच्या तासाले रोजच झोपते!"

हशा पिकला. भगवंतरावही हसले. मग वाद असा रंगला की सतरंजीच्या कडेला बूट काढून कोण येऊन बसलं, ते कोणी पाहिलंच नाही.

तास संपल्यावर साहेब उठले. कोटावरची रुई त्यांनी झटकली नाही.

"भगवंतराव, जूनपासून तुम्हाला एखादी शांत खोली देऊ का?"

जूनपासून! म्हणजे पुढच्या वर्षीही. भगवंतरावांना ऐकूनही खरं वाटेना.

"हीच असू द्या, साहेब," ते पुटपुटले. "बाकं तेवढी घेऊन जा."