यादी कोणी केली?

अनुवादक बाईंनी कागद मॅनेजरच्या टेबलावर आपटला. कपातला चहा बशीत सांडला.

"ही यादी कोणत्या शहाण्याने केलीय?"

यादी म्हणजे ऑफिसची ठरलेली शब्दसूची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे जर्मन. भाषांतर करताना कॉम्प्युटर ते शब्द आपणहून बसवतो. एरवी बाईंकडे यंत्रांची माहितीपत्रकं. आज सहकारी रजेवर, म्हणून एका नर्सचं शिफारसपत्र त्यांच्याकडे आलं. दुपारच्या आत ते जर्मनीतल्या दवाखान्यात पोचलं तरच तिला नोकरी. हेडनर्सने मायेने लिहिलं होतं, थोडी मूडी आहे, जरा टेम्परामेंटल, पण मुलांच्या वॉर्डात तिच्यासारखी दुसरी नाही. यादीने 'मूडी'चं केलं 'लाउनिश'. म्हणजे लहरी, बिनभरवशाची. दुसऱ्या शब्दाचं तर असं केलं, की वाचणाऱ्याला वाटावं, ही पेशंटवर हात उगारेल. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, तीन वर्षं हीच यादी चालतेय. एकीचीही तक्रार नाही."

"तक्रार कोण करणार? पत्र थेट दवाखान्यात जातं, नकार आला त्यांना ते कुठे वाचायला मिळतं? किती जणींची पत्रं गेली अशी?"

"चाळीसेक."

"चाळीस! अहो, पोटावर पाय दिलात त्यांच्या. बोलवा त्या शहाण्याला. चांगली खरडपट्टी काढते."

मॅनेजरने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. प्रत्येक शब्दापुढे तो भरणाऱ्याचं नाव असतं, तारीख असते.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. नाव त्यांचंच होतं. तीन वर्षांपूर्वी धाकट्या जावेशी कडाक्याचं भांडण होऊन चुली वेगळ्या झाल्या, त्याच आठवड्यातली तारीख. स्वभावाचे सगळे शब्द त्यांनी एका बैठकीत भरले होते. डोळ्यांसमोर ती जाऊ, आणि दर वेळी सगळ्यात झोंबणारा शब्द. तेव्हा केवढं बरं वाटलं होतं!

बाई खुर्चीत बसल्या. यादी बंद करून त्यांनी ती ओळ स्वतः जर्मनमध्ये लिहिली: कधी गप्प गप्प असते, कधी चटकन चिडते.

"हे पाठवा. आणि ती चाळीस पत्रं काढा."

"मॅडम, ती कधीच गेली. आता काय उपयोग?"

"माहितीये मला!" बाई ओरडल्या. मग मान खाली घालून म्हणाल्या, "निदान नावं तरी वाचते."