तापीमायच्या ओटीत गेलेला कॅमेरा

मित्रांनो, पाण्याला न भिणारा एक जुना कॅमेरा मी. अंगावरचा पिवळा रंग आता उडालाय, एका कोपऱ्याला गंज चढलाय. तरी माझ्या वाट्याला जे आलं ते फार थोड्या यंत्रांच्या वाट्याला येत असेल.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथे मला पाण्याच्या टाकीत बुडवून पारखलं. पुढे राजेंद्रभाऊंनी मला शहाद्याच्या दुकानातून ब्राह्मणपुरीला घरी आणलं. त्यांच्या गायत्रीला पोहण्याचं वेड. तिच्या डुबक्या पाण्याखालून टिपायच्या, एवढंच माझं काम. विहिरीत उतरलो, पाटात उतरलो, गल्लीत माझं कौतुक झालं.

पण माझं खरं भाग्य उजळलं ते सप्ताहात. राजेंद्रभाऊंची आई, म्हणजे गायत्रीची आजी, अनुसयाबाई. त्यांचे थोरले भाऊ भाईदासबुवा कीर्तन करायचे. त्यांचं काल्याचं कीर्तन मी मांडवाच्या खांबावरून पूर्ण टिपलं. काय तो आवाज! पखवाजाची थाप पडली की माझी काच थरथरायची. कुणाला डुलकी लागली की बुवा मध्येच थांबायचे, "ओ सुपडूदादा, देव दारमा उभा शे, अन तू घोरी ऱ्हायना?" मांडवभर हशा उठायचा, आणि त्याच हशावरून बुवा सगळ्यांना अलगद देवाकडे वळवायचे. शेवटी हंडी फुटली, काल्याचं दही माझ्या डोळ्यावर उडालं. मी धन्य झालो.

मार्गशीर्षात बुवा गेले. त्यांचा आवाज उरला तो फक्त माझ्या पोटात. राजेंद्रभाऊ आईला ऐकवायला निघाले, तर त्या म्हणाल्या, "आत्ते नको रे ऐकाडू, माले सहन व्हवाव नही." मग संगणकावर उतरवून ठेवायचंही आज नाही उद्या करता करता राहूनच गेलं.

चैत्रात गायत्रीची परीक्षा संपली आणि सगळे प्रकाशाला तापीवर आले. भिलादादाची होडी ठरली. पोरीने नदीत उडी टाकण्याआधी नदीची ओटी भरायची, ही अनुसयाबाईंची रीत. सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण. होडी मधोमध आली. गायत्रीच्या जाकिटाचे पट्टे आवळायला राजेंद्रभाऊंना दोन्ही हात हवे होते, म्हणून त्यांनी मला क्षणभर सुपात टेकवलं. अनुसयाबाईंनी डोळे मिटले, मनात नमस्कार केला आणि सूप तापीमायपुढे पालथं केलं.

नारळ तरंगला. मी मात्र खणासकट खाली!

जाता जाता कानी आलं, "पप्पा, वॉटरप्रूफ शे ना तो? मंग बुडना कसा?"

"अवं पोरी, पानी आत जात नही, इतलंच!" आणि मग राजेंद्रभाऊंचा फुटलेला सूर, "माय वं, मामाना आवाज व्हता त्यामा!"

त्यांनी उडी टाकली. भिलादादानेही चार-पाच बुड्या मारल्या. गाळ ढवळला, पाणी गढूळ झालं, माझ्यावरून हात फिरून गेला तरी मी सापडलो नाही.

सतरा दिवस मी गाळात पडून होतो. मासे यायचे, डोळ्यात डोकावून जायचे. माझी बॅटरी केव्हाच संपली होती. एकच धास्ती होती, झाकणाच्या कडेतून पाणी शिरलं तर बुवांचा आवाज कायमचा गेला.

अठराव्या सकाळी भिलादादाच्या जाळ्यात हिरवा खण अडकला. त्या खणात गुंतलेली माझी दोरी. भला माणूस! मासळी तशीच ठेवून तो मला उपरण्यात गुंडाळून ब्राह्मणपुरीला घेऊन आला. राजेंद्रभाऊ धावले. पण अनुसयाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या.

"थांब. ओटीमा दिधेल वस्तू पाछी लेतस नही."

"माय, मुद्दाम दिधा का? चुकीसन गया तो!"

"मंग देवीले काय सांगू? चुकी झायी, परत दे?"

त्यांचा हात माझ्याकडे यायचा, पुन्हा पदरात जायचा. सख्ख्या भावाचा आवाज चार बोटांवर होता, आणि मध्ये त्यांची श्रद्धा उभी होती.

भिलादादाने डोकं खाजवलं. "मोठमाय, तू सवाशीणनी ओटी भरस, तवय ती चार दाणा तुन्हा सूपमा पाछा टाकस का नही?"

"टाकस ना. रीतच शे."

"मंग तापीमाय काय बिनरीतनी शे का?"

अनुसयाबाईंना हसू फुटलं, हसता हसता रडू आलं. त्यांनी पदर पसरला. भिलादादाने मला त्या पदरात ठेवलं, आणि त्यांनी मला कपाळाला लावलं.

त्याच दुपारी राजेंद्रभाऊंनी माझ्यातलं कार्ड काढलं. कोरडं होतं! संगणकाला लावताच पखवाज घुमला, बुवांनी विठ्ठलनाम उचललं आणि टाळकऱ्यांसाठी क्षणभर थांबले. त्या जागेवर अनुसयाबाईंनी टाळी धरली आणि धाकटी बहीण भावामागून म्हणते तसं म्हणू लागल्या.

मित्रांनो, माझी काच आता धुरकटली, मला दिसत नाही. त्याचं मला दुःख नाही. एकच विनवणी आहे. कुणाचा आवाज तुमच्याजवळ असेल तर तो उद्यावर टाकू नका, आजच दोन ठिकाणी उतरवून ठेवा. आणि गाणारं माणूस समोर असेल तर मला खुशाल खांबाला बांधा, पण तुम्ही पुढे जाऊन बसा. मला सगळं टिपता येतं हो, टाळी तेवढी वाजवता येत नाही.